कॉक्रेनचा घोडा, महेशचंद्रांचे प्यादे

पांढऱ्याचे प्यादे ई४, काळ्याचे ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचाही घोडा एफ६ वर. पांढरा ई५ चे प्यादे खातो, काळा डी६ खेळून त्या घोड्याला हाकलतो. इथपर्यंत आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. आता घोडा गपगुमान एफ३ वर परत न्यायचा, असे पुस्तक सांगते. पण मधल्या सुट्टीत ‘ब’ वर्गातला आपला एक मित्र (आता न्यू जर्सीत असतो, नाव छापू नकोस म्हणाला आहे) घोडा मागे नेत नसे. तो सरळ एफ७ चे प्यादे मारून राजाच्या दारात जाऊन बसे. तिथून घोडा वजीर आणि हत्ती दोघांवर नजर ठेवतो, त्यामुळे राजाला तो खावाच लागतो. राजा तो खाई आणि बाकाभोवतीची गर्दी ‘गेला, गेला’ म्हणून ओरडे. कोण गेला, घोडा की राजा, ते पुढच्या चार-पाच मिनिटांत ठरे.

आपण त्याला ‘आत्मघातकी घोडा’ म्हणायचो. जगात त्याला कॉक्रेन गँबिट म्हणतात, हे मला नोकरीला लागल्यावर, रात्रीच्या पाळीत सर्व्हरची राखण करताना कळले. आणि त्याचा जन्म कुठे झाला हे वाचल्यावर तर मी खुर्चीतून उठलेच. तो लंडनमध्ये किंवा मॉस्कोत जन्मलेला नाही. या खेळीचा नोंदलेला पहिला डाव १८४८ सालचा, आपल्या कलकत्त्याचा, आणि काळ्या मोहऱ्यांच्या बाजूला बसलेला माणूस बंगाली ब्राह्मण. स्मरणिकेच्या मंडळींनी ‘आठवणी लिही’ असे सांगितले होते. आठवणी इतर सगळे लिहितीलच. मी हा इतिहास लिहिते.

आधी शब्दाचे बघू. ‘गँबिट’चे मूळ इटालियन ‘गांबेत्तो’, म्हणजे पायात पाय घालून पाडणे. सांगलीकरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको, तालमीत जिला टांग म्हणतात तीच ही. बुद्धिबळात एखादे प्यादे किंवा मोहरे मुद्दाम देऊन बदल्यात वेळ आणि हल्ला मिळवायचा. काही गँबिट खरे असतात, दिलेल्याची किंमत पुरेपूर वसूल करतात. काही खोटे असतात, म्हणजे समोरच्याने अचूक खेळले तर दिलेले मोहरे फुकट जाते. कॉक्रेनचा घोडा या दुसऱ्या जातीचा, पण त्या जातीतला सर्वांत खानदानी. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळतात, काळ्या राजाचा कॅसलिंगचा हक्क कायमचा जातो आणि तो पटाच्या मध्यात उघडा पडतो. आजचे कोणतेही इंजिन क्षणात सांगते की काळा वरचढ आहे. पण इंजिनाला घड्याळाची भीती वाटत नाही आणि त्याच्याभोवती मुले ओरडत नाहीत.

जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश माणूस, जन्म १७९८, पेशाने बॅरिस्टर. १८२१ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने देशापेल आणि ला बूर्दोने या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंशी दोन हात केले आणि पुढच्याच वर्षी बुद्धिबळावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. लंडन आणि एडिंबरो या शहरांमध्ये पत्राने चाललेल्या प्रसिद्ध सामन्यात तो लंडनच्या बाजूने होता. पण १८२४ मध्ये सामना अर्धवट सोडून वकिलीसाठी हिंदुस्थानात आला. १८४० नंतर दोन-तीन वर्षे रजेवर विलायतेला जाऊन स्टाँटनसारख्यांशी भरपूर खेळून परत आला आणि १८६९ पर्यंत इथेच राहिला. म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग कलकत्त्यात गेला. तिथल्या चेस क्लबात त्याला बरोबरीने झुंज देणारा कोणी नव्हता, आणि आपल्या तोलाचा भिडू नसला की खेळाडू कसा कोमेजतो हे आपल्याकडच्या कोणत्याही मंडळातल्या जुन्या माणसाला विचारा.

मग क्लबाच्या एका सदस्याला बंगालच्या मुलखात कधीही न हरलेला एक ब्राह्मण असल्याचे कळले, आणि कॉक्रेनची त्याच्याशी गाठ पडली. १८५० मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ या मासिकात कलकत्त्याहून आलेले एक पत्र छापले आहे. त्याचा आशय असा, की इथे कॉक्रेनशी बरोबरीने खेळून थोडीफार आशा धरू शकेल असा हा एकच. त्याला सुरुवातीच्या चालींचे शास्त्र ठाऊक नाही, पण कोवळ्या वयात शिकवले असते तर त्याच्यापुढे उभे राहणे कठीण गेले असते. कौतुक आहे, पण वरून खाली पाहत केलेले आहे. या दोघांमधले शेकडो डाव नोंदले गेले आणि आज डेटाबेसमध्ये कोणालाही पाहता येतात.

मात्र पाहायचे कोणत्या नावाने, हा प्रश्न आहे. एका ठिकाणी ‘मोहेशचंदर’, दुसरीकडे ‘मोहिशुंदर’, कुठे ‘बॅनर्जी’, कुठे ‘बोनर्जी’. मी आयुष्यभर नावे-पत्ते जुळवणारी सॉफ्टवेअर लिहिली आहेत, तेव्हा हे दुखणे माझ्या ओळखीचे. एकाच माणसाची चार नावे झाली की यंत्राच्या लेखी ती चार माणसे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे कर्तृत्व येते. ते महेशचंद्र बॅनर्जी होते असे मी समजते आणि इथे तसेच लिहिते. त्याच क्लबात कॉक्रेनशी खेळलेला दुसरा एक हिंदी खेळाडू ‘सौमचर्न गट्टक’ म्हणून छापला गेला आहे. तो बहुधा श्यामाचरण घटक असावा, हा माझा तर्क. कॉक्रेनच्या नावाचे स्पेलिंग मात्र कुठेही चुकलेले नाही.

या महेशचंद्रांना ‘शास्त्र ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. ते दुसऱ्या शास्त्रात वाढले होते. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी जुन्या हिंदी पद्धतीचे बुद्धिबळ खेळलेले आहे त्यांना हे आठवत असेल. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, राजाला कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, आणि प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. अशा खेळात पहिल्या पाच-सहा चालींत हातघाई होतच नाही. प्यादी हळू सरकवून तटबंदी करायची, उंटाला कोपऱ्यात जागा करून द्यायची, समोरच्याला मध्यभाग घेऊ द्यायचा आणि मग त्याला खालून सुरुंग लावायचा. युरोपीय नियमांनी खेळायला बसल्यावरही महेशचंद्रांनी ही सवय सोडली नाही. ते जी६ खेळून उंट जी७ वर बसवत. इंग्रजांना ते गावंढळ वाटले. १८५५ मधल्या एका डावात त्यांनी काळ्या मोहऱ्यांनी कॉक्रेनला हरवले. त्या डावाची मांडणी आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणून जगभर खेळली जाते, कारण व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती १९२२ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी, खेळून दाखवली. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन या नावांत ‘इंडियन’ आहे ते या परंपरेमुळे. देशाचे नाव लागले, माणसाचे राहिले.

असे असता १८४८ मध्ये हेच महेशचंद्र पेट्रॉफ बचाव, म्हणजे दोन्ही घोडे समोरासमोर, खेळायला बसलेले दिसतात. पेट्रॉफ रशियन, आणि यानिश या दुसऱ्या रशियनाने त्याचे विश्लेषण १८४२ मध्ये छापले होते. तेव्हा ‘सुरुवातीचे शास्त्र ठाऊक नाही’ हे कितपत खरे, याची मला शंका आहे. तिसऱ्या चालीला त्यांनी घाईने ई४ चे प्यादे खाल्ले नाही, आधी डी६ केले. ही काळजी न घेतली तर काय होते ते आपल्या वर्गाला पाठ आहे. पांढरा वजीर ई२ वर येतो, काळा घाबरून घोडा मागे घेतो, आणि पांढरा घोडा सी६ वर उडी मारतो की वजिराचा उघडा शह बसून काळ्याचा वजीर जातो. या एका सापळ्यावर आपल्या शाळेत किती चिक्क्या जिंकल्या गेल्या असतील!

पुढच्याच चालीला एक मोठा खड्डा आहे. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील इथे अठरा वर्षांच्या विश्वनाथन आनंदने कोलंबियाच्या झापाटाविरुद्ध हाच बचाव घेतला. झापाटाने घोडा मुकाट मागे नेला, आनंदने ई४ खाल्ले, आणि पाचव्या चालीला, आधीच्या वर्षीच्या एका ग्रँडमास्टरांच्या छापील डावात पाहिलेली उंटाची चाल खेळली. त्या डावात दोघांनी बरोबरी केली होती, म्हणून ती सुरक्षित वाटणे साहजिक. झापाटाने वजीर ई२ वर आणला आणि आनंदने सहाव्या चालीला डाव सोडला. पुढे पाच वेळा विश्वविजेता झालेल्या माणसाची ही गोष्ट आहे. चार चाली झाल्या की पेट्रॉफमध्ये जमीन अशी भुसभुशीत असते.

आता कॉक्रेनच्या घोड्याकडे. राजाने तो खाल्ला, पुढे काय? कॉक्रेन स्वतः उंट सी४ वर आणून लगेच शह देत असे. दिसायला छान, पण काळा उंट मध्ये घालतो, मारामारी होते आणि पांढऱ्याचा एक हल्लेखोर कमी होतो. आजचे लोक शांतपणे डी४ खेळतात. मध्यभागी दोन प्यादी शेजारी शेजारी, आणि शह नाही, धमकी नाही. मला ही चाल भयंकर आवडते. घोडा देऊन झाल्यावर पांढरा जणू म्हणतो, ‘सावकाश. घाई तुम्हाला आहे.’ काळ्याला वाटते, चला, अजून एक प्यादे फुकट आहे, ई४ खाऊ. तो घोड्याने ते खातो आणि पांढरा वजीर एच५ वर येऊन शह देतो. जी६ ने अडवले तर वजीर डी५ वर दुसरा शह देतो आणि ई४ वरचा घोडा उचलतो. राजा ई७ वर पळाला तर वजीर ई२ वर येऊन घोडा राजाला खिळवतो. दिलेले परत मिळाले, वर काळा राजा रस्त्यावर. अतिजलद खेळात निम्मे डाव इथेच संपतात.

जलद खेळात खोटे गँबिट का चालतात याचे उत्तर माझ्या धंद्यात रोज दिसते. हल्ला करणाऱ्याला दहा रस्ते असतात, त्यातले सहा-सात बरे असतात, आणि त्याने ते शंभर वेळा तुडवलेले असतात. बचाव करणाऱ्याला प्रत्येक वळणावर एखाद-दुसराच रस्ता असतो आणि तो पहिल्यांदाच तिथे आलेला असतो. एका मोहऱ्याची किंमत पांढऱ्याने मोहऱ्यांत दिली, वसुली तो सेकंदांत करतो. नव्वदच्या दशकात स्टेफन याकोब नावाच्या प्रोग्रामरने तर ‘ब्राउझ’ नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर जलद डावांसाठी सोडला होता. तो चार घोड्यांच्या सुरुवातीत चौथ्याच चालीला एका प्याद्यासाठी घोडा देई. तो गँबिट कॉक्रेनपेक्षा कितीतरी खोटा, तरी समोरचे चांगले चांगले खेळाडू भांबावून जात.

कॉक्रेनच्या वेळी घड्याळच नव्हते. बुद्धिबळात वाळूची घड्याळे १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात आली आणि यांत्रिक जोडघड्याळ १८८३ च्या लंडन स्पर्धेत. महेशचंद्र हवा तितका वेळ विचार करू शकत होते, तरी कॉक्रेनने घोडा दिला, म्हणजे त्याला ती खेळी खरी वाटत असावी. आपले जोडघड्याळ आठवते? भाऊसाहेब पडसळगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धा बघून आल्यावर सरांनी कुठूनतरी पैदा केले होते. लाल झेंडी वर उचलली जाऊ लागली की छातीत धडधडायचे. एकच घड्याळ, पाच-पाच मिनिटे, आणि नियम असा की हरेल त्याने उठायचे, जिंकेल त्याने बसून राहायचे. रांगेत वीस मुले आणि आम्ही तीन मुली. एकदा उठले की पुढची पाळी दुसऱ्या दिवशी, तीसुद्धा रांगेत कोणी पुढे घुसले नाही तर. ‘मुलगी आहे, घोडा दे, लगेच उठेल’ हे वाक्य माझ्या पाठीमागे उभे राहून म्हटले जायचे. म्हणून बचाव शिकणे ही माझ्यासाठी बाकावर बसून राहण्याची एकमेव सोय होती.

तो बचाव असा. ई४ ला हात लावायचा नाही, हे पहिले. दुसरे, मोहरे जास्त आहे म्हणून हुरळून कुठे धावायचे नाही. उलट प्यादे जी६ वर सरकवायचे आणि राजा जी७ वर न्यायचा. मग उंट ई७ वर, हत्ती एफ८ किंवा ई८ वर, म्हणजे हाताने केलेले कॅसलिंगच. पांढरा प्यादी ढकलत येईल, येऊ द्यायचा. तो ई५ करील तेव्हा घोडा हलवायचा आणि मोहऱ्याला मोहरे मारत सुटायचे. पटावर मोहरी कमी झाली की जास्तीचा घोडा मोठा दिसायला लागतो. फार जड जात असेल तर तो घोडा एखाद्या प्याद्यासाठी परत द्यायचा आणि बरोबरीचा डाव शांतपणे खेळायचा. फुकट आलेले परत द्यायला जीव तयार होत नाही, तिथेच बहुतेक जण बुडतात. जी६ आणि राजा जी७ ही मांडणी मी तेव्हा चाचपडत, हरत-जिंकत शोधली. महेशचंद्रांच्या सवयीची, जुन्या हिंदी तटबंदीची ती नातेवाईक आहे हे वीस वर्षांनी वाचले तेव्हा आजोबांच्या फळीवरचा मळकट कापडी पट डोळ्यांसमोर आला.

सरांना हा घोडा मुळीच पसंत नव्हता. ‘ज्या चालीवर तुमचा स्वतःचा विश्वास नाही ती समोरच्यावर कशाला टाकता?’ असे ते म्हणायचे, आणि न्यू जर्सीकर खाली मान घालून पुढच्या डावात तेच खेळायचा. सर, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून सांगते, १९९९ मध्ये स्पेनमधल्या लिनारेसला, जगातल्या सर्वांत तगड्या स्पर्धेत, टोपालोवने क्रॅमनिकविरुद्ध हाच घोडा दिला. जलद डाव नव्हे, पुऱ्या वेळेचा. आणि क्रॅमनिक म्हणजे पेट्रॉफचा जाणकार. टोपालोवने पाचवी चाल डी४ केली, क्रॅमनिकने लगेच सी५ करून मध्यभागावर घाव घातला, आणि डाव बरोबरीत सुटला. यावरून खेळी खरी ठरत नाही. पण दीडशे वर्षांनी, छापील विश्लेषणाचे ढीग आणि संगणक हाताशी असताना, त्या पातळीवरही काळ्याला जिंकून दाखवता आले नाही, एवढे नक्की. माझे मत विचाराल तर पाच मिनिटांच्या डावात ती खेळणे पूर्ण न्याय्य आहे. सगळे पटावर उघडे पडलेले असते, लपवलेले काही नसते. वर्गात पेपर पाठ करून येणाऱ्यापेक्षा हा प्रकार कितीतरी प्रामाणिक. सरांचे म्हणणे लांब डावांना लागू आहे असे मी मानते, आणि तिथे मी हा घोडा कधी देत नाही.

एक गंमत अजून. याच जागेवरून, म्हणजे पांढऱ्याने ई५ खाल्ल्यावर, काळ्यालाही एक खोटे गँबिट आहे. डी६ न करता तो दुसरा घोडा सी६ वर आणून तो मारू देतो. याला स्टॅफर्ड गँबिट म्हणतात, आणि टाळेबंदीच्या काळात एरिक रोझेन या अमेरिकन मास्टरने त्याचे व्हिडिओ दाखवून ते घरोघर पोचवले. माझ्या भाचीने मला त्यातच पकडायचा प्रयत्न केला होता. पांढऱ्याने निष्काळजीपणे उंट जी५ वर आणून घोडा खिळवला की काळा तोच घोडा उचलून ई४ खातो. वजीर मिळतोय म्हणून पांढऱ्याने तो घेतला की एफ२ वर उंटाचा शह, आणि दुसऱ्या उंटाने मात. उपाय सोपा आहे, उंट ई२ वर ठेवायचा आणि जी५ चा मोह सोडायचा. ज्यांची मुले सध्या मोबाइलवर हे खेळतात त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी घरात अब्रू राहील.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर रविवारी रात्री तीन-तीन मिनिटांचे डाव चालतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. पुण्यातले चौघे, सांगलीतले तिघे, एक बंगळूरची, एक दुबईतला आणि न्यू जर्सीकर, ज्याची तेव्हा रविवारची सकाळ असते. तो अजूनही घोडा देतो. प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढवून मिळणारे घड्याळ लावले तर मी बहुतेक वेळा जिंकते. ही वाढीव सेकंदांची कल्पना बॉबी फिशरची, १९८९ मध्ये त्याने तिचे पेटंट मिळवले. न वाढणारे घड्याळ लावले तर जास्तीचा घोडा हातात घेऊन माझी वेळ संपते, आणि तो तिकडून हसण्याची चित्रे पाठवतो. गेल्या महिन्यापासून मी त्याला नोंदीत एक बदल करायला लावला आहे. डाव जतन करताना तो सुरुवातीचे नाव ‘कॉक्रेन–महेशचंद्र’ असे लिहितो.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, आठवी ‘अ’च्या वर्गात पट मांडू असे ठरले आहे. दोन डिजिटल घड्याळे मी आणते आहे. शाळेचे ते जुने लाल झेंडीचे घड्याळ प्रयोगशाळेच्या कपाटात आहे असे बाई म्हणाल्या, चावी देऊन बघायला हवे. न्यू जर्सीकराने पांढरी मोहरी आत्ताच मागून ठेवली आहेत.